प्रसरण पंख्यामागचे तापमान: ५१ केल्विनची घट भिंतीला का दिसली नाही

ही घटना एका विद्यापीठातल्या छोट्या स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगाने हवा सोडणाऱ्या) विंड टनेलवरची आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख काढून टाकली आहे. मोजमापाचे आकडे गोल केले आहेत. गणिताचे आकडे मात्र कोणालाही कागदावर ताडून पाहता येतील. मी या कामात मध्यावर, सल्ल्यासाठी बोलावल्यावर सामील झालो. तोवर मॉडेल तयार होते, चाचण्या सुरू होत्या आणि गट अडकलेला होता.

पार्श्वभूमी

टनेल ब्लोडाउन प्रकारचा. कॉम्प्रेसरने टाकीत ८ बारपर्यंत हवा भरायची, झडप उघडायची आणि नॉझलमधून अर्ध्या मिनिटाच्या आत ती सोडून द्यायची. झडपेनंतरच्या शांत कक्षात दाब ४ बारवर धरलेला. नॉझल माख २ चा, म्हणजे हवेला तिथल्या ध्वनीवेगाच्या दुप्पट वेग देणारा. टेस्ट सेक्शनमध्ये स्टेनलेस स्टीलचे एक साधे मॉडेल: सपाट पृष्ठभाग, आणि मध्यावर प्रवाहापासून २० अंशांनी दूर वळणारा कोपरा.

अशा बाहेर वळणाऱ्या कोपऱ्यावर स्वनातीत प्रवाह आघात तरंग (हवेला एकदम दाबणारी लाट) निर्माण करत नाही. कोपऱ्याच्या टोकापासून असंख्य क्षीण प्रसरण तरंगांचा पंखा उलगडतो आणि त्यातून जाताना वायू पायरी-पायरीने नव्हे तर सलगपणे वळतो, पातळ होतो, थंड होतो आणि वेग घेतो. याचे गणित लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली थिओडोर मेयर यांनी जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये आपल्या १९०८ च्या प्रबंधात पूर्ण केले. त्यात ऊर्जा वाया जात नाही (एन्ट्रॉपी वाढत नाही) आणि बाहेरून उष्णता येत-जात नाही, म्हणून सगळे हिशेब स्वच्छ बसतात.

या मॉडेलचा हिशेब असा. हवेसाठी एकूण तापमान (हवा थांबवली तर मिळेल ते) भागिले स्थैतिक तापमान (वाहत्या हवेचे स्वतःचे) म्हणजे १ + ०.२ × माख अंकाचा वर्ग. शांत कक्षातली हवा ३०० केल्विन धरली तर माख २ ला स्थैतिक तापमान १६७ केल्विन, म्हणजे उणे १०६ अंश सेल्सिअस. माख २ ला प्रांट्ल-मेयर कोन (माख १ पासून तिथवर यायला लागणारे वळण) २६.४ अंश, त्यात वळणाचे २० मिळवले की ४६.४, आणि तो कोन माख २.८३ ला येतो. तिथे स्थैतिक तापमान ११५ केल्विन. कोपऱ्यावर ५१ केल्विनची घट. ही उष्णता कुठे हरवत नाही. वेग सेकंदाला ५१८ मीटरवरून ६०९ मीटरवर जातो आणि हिशेब तिथे पुरा होतो. दाब मात्र मूळच्या ०.२७५ पट, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो.

गटाला हे तापमान प्रत्यक्ष मोजायचे होते. एका विद्यार्थिनीने प्रवाहाचा संगणकी कोड लिहिला होता आणि त्याच्या पडताळणीसाठी हा प्रयोग होता. कोपऱ्याच्या अगोदर आणि नंतर पृष्ठभागाशी समतल अशी थर्मोकपल (तापमान वाचणाऱ्या तारांच्या जोड्या) बसवली होती. कल्पना सरळ: पुढची (कोपऱ्याच्या अगोदरची) १६७ च्या दिशेने जातील, मागची ११५ च्या.

अडचण

तसे काही झाले नाही. चाचणी संपताना पुढच्या थर्मोकपलवर सुमारे २८९ केल्विन दिसले, मागच्यांवर २८६. फरक ३ केल्विनचा. अपेक्षा ५१ ची.

वाचन पुन्हापुन्हा तेच येत होते, म्हणजे तो योगायोग नव्हता. मार्गदर्शकांच्या बैठकीत पहिले स्पष्टीकरण पुढे आले ते असे: "सर, कोपऱ्यावर प्रवाह भिंतीपासून सुटतोय. तो वळतच नाही, म्हणून थंडही होत नाही." ऐकायला हे पटण्यासारखे होते, आणि त्यावरून पुढचा निर्णय जवळजवळ झालाही होता: कोपरा गोलाकार करून नवे मॉडेल यंत्रशाळेकडे करायला द्यायचे. रेखाचित्रही तयार होते.

समोरचे पर्याय

मी गेलो तेव्हा टेबलावर चार गोष्टी होत्या.

नवे मॉडेल हा सर्वांत महागडा आणि सर्वांत लांबचा रस्ता. त्याविरुद्ध माझा आक्षेप भौतिकीचा होता. सीमास्तर, म्हणजे भिंतीलगतचा मंदावलेल्या हवेचा पातळ थर, भिंतीपासून सुटतो तो सहसा दाब वाढत जाणाऱ्या दिशेने ढकलला गेल्यावर. प्रसरण कोपऱ्यावर दाब झपाट्याने घटतो, म्हणजे भिंतीलगतच्या मंद हवेला पुढे ओढच मिळते. २० अंशांच्या वळणावर, माख २ ला, सीमास्तर सुटणे अगदीच अनपेक्षित ठरेल. अनपेक्षित गोष्टीही घडतात; पण तिच्यासाठी धातू कापण्याआधी निदान एक पुरावा हवा.

थर्मोकपल बदलणे हा दुसरा पर्याय. तो स्वस्त होता, पण थर्मोकपल बर्फाच्या पाण्यात आणि कोरड्या बर्फात बरोबर वाचत होती. ती खोटे बोलत नव्हती. जे त्यांच्यापर्यंत पोचत होते तेच सांगत होती.

तिसरा पर्याय एका वरिष्ठ विद्यार्थ्याचा: भिंत सोडून द्या, एक बारीक तार थेट प्रवाहात धरा आणि पंख्याच्या मागे तापमान घ्या. चौथा सगळ्यांत साधा. मॉडेलवर स्थैतिक दाबाची छिद्रे होती, पण मागच्या कामानंतर ती बुजवून ठेवली होती. ती उघडायची आणि तापमान बाजूला ठेवून दाब पाहायचा.

श्लीरेनची, म्हणजे हवेतले घनतेचे बदल आरशांनी डोळ्यांना दाखवणारी, व्यवस्था टनेलला होती, पण आरसे जुळवायला वेळ लागतो म्हणून कोणी वापरत नव्हते. माझ्या मते हे दुर्लक्ष या प्रकरणातले सर्वांत महाग पडलेले दुर्लक्ष होते.

पहिला निर्णय: कोणते तापमान?

काहीही उघडण्याआधी आम्ही फळ्यावर तीन तापमाने वेगळी लिहिली. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

स्थैतिक तापमान म्हणजे वायूसोबत वाहत जाणाऱ्याला जाणवेल ते. पंख्यातून १६७ चे ११५ होते ते हेच. एकूण तापमान म्हणजे वायू उष्णता न गमावता थांबवला तर मिळेल ते; पंख्यातून ते बदलतच नाही, ३०० चे ३०० राहते. आणि तिसरे रिकव्हरी तापमान: उष्णता न घेणाऱ्या-न देणाऱ्या भिंतीचे तापमान वाहत्या हवेखाली जिथे जाऊन स्थिरावते ते.

भिंतीलगत वायू थांबलेला असतो. सीमास्तरात घर्षणाने त्याचा वेग पुन्हा उष्णतेत उतरतो. त्यातली थोडी उष्णता वाहून बाहेरच्या थंड प्रवाहाकडे जाते, म्हणून भिंत एकूण तापमानापर्यंत पोचत नाही, पण त्याच्या बरीच जवळ जाते. किती जवळ, हे सांगणारा रिकव्हरी गुणक हवेसाठी प्रक्षुब्ध (भोवऱ्यांनी घुसळलेल्या) सीमास्तरात सुमारे ०.८९ आणि स्तरीय (थराथराने संथ वाहणाऱ्या) सीमास्तरात सुमारे ०.८४ असतो.

आता आकडे टाकू. कोपऱ्याआधी १६७ मध्ये ३०० पर्यंतच्या १३३ चे ०.८९ पट मिळवले: २८५ केल्विन. कोपऱ्यानंतर ११५ मध्ये १८५ चे ०.८९ पट: २८० केल्विन. मधल्या प्रवाहात ५१ केल्विनची घट, भिंतीवर ती जेमतेम ६ ची. प्रवाह जितका जास्त थंड होतो तितकाच जास्त वेगवान होतो, आणि भिंतीपाशी तो वेग जवळजवळ सगळी थंडी परत करून टाकतो. थर्मोकपल १६७ किंवा ११५ कधी दाखवूच शकली नसती.

विद्यार्थिनीच्या कोडमध्ये हे सगळे होते. तिने भिंतीचे तापमान छापूनच पाहिले नव्हते. तुलना बाहेरच्या प्रवाहाच्या तापमानाशी चालली होती. कोडला विचारल्यावर उत्तर लगेच आले.

मग ६ ऐवजी ३ का? दोन कारणे. स्टील उष्णता वाहून नेते, त्यामुळे कोपऱ्याच्या पुढची-मागची भिंत एकमेकींचे तापमान पुसट करत होती. आणि २५-३० सेकंदांत जाड धातू अंतिम तापमानाला पोचतच नाही.

वरिष्ठ विद्यार्थ्याचा प्रवाहात तार धरण्याचा प्रयोग तरीही करू दिला. तो चुकेल हे माहीत होते, पण कसा चुकतो हे हाताने पाहण्यासारखे आहे. स्वनातीत प्रवाहात कोणतीही वस्तू धरली की तिच्यासमोर आघात तरंग उभा राहतो, वायू दाबला जातो, तापतो आणि तारेपाशी जवळजवळ थांबतो. तार भिंतीपेक्षाही गरम वाचली, एकूण तापमानाच्या अगदी जवळ. त्या दिवसानंतर "प्रवाहातले तापमान मोजू" हे वाक्य गटात कोणी सहज उच्चारले नाही. स्थैतिक तापमान तिथे बुडवलेल्या साधनाने वाचता येत नाही. ते दाबावरून काढावे लागते, तरंगांच्या कोनावरून काढावे लागते किंवा लेझरच्या पद्धतींनी, वायूला हात न लावता.

दुसरा निर्णय: ५ टक्के सोडून द्यायचे का?

दाबाची छिद्रे उघडली. कोपऱ्यानंतरचा दाब भागिले कोपऱ्याआधीचा दाब ०.२९ आला. सिद्धान्त ०.२७५ सांगतो. प्रवाह सुटलेला असता तर कोपऱ्यामागचा दाब इतका उतरलाच नसता. नव्या मॉडेलचे रेखाचित्र त्याच दिवशी बाजूला गेले.

इथे काम संपवावे असे बहुतेकांचे मत होते, आणि ते आळसातून आलेले नव्हते. ०.२९ वरून आयसेंट्रॉपिक (एन्ट्रॉपी न बदलणाऱ्या प्रवाहाच्या) सूत्राने तापमान काढले तर १६७ चे सुमारे ११७ होते. अपेक्षा ११५ ची. दोन केल्विनचा फरक कोण मनावर घेणार?

टनेल सांभाळणाऱ्या अभियंत्यांनी हरकत घेतली. त्यांनी गुणोत्तराकडे पाहिलेच नाही. त्यांनी कोपऱ्याआधीचा दाब शांत कक्षाच्या दाबाशी ताडला. माख २ ला तो ०.१२८ पट हवा. तो ८ टक्क्यांनी जास्त होता. "कोपऱ्याचं नंतर बघू. हवा कोपऱ्यापर्यंत माख २ नं येतेय का, ते आधी सांगा," असे ते म्हणाले. गटातल्या सर्वांत कमी पदव्या असलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला, आणि अहवालात त्यांचे नाव पहिल्या पानावर असावे असा आग्रह मी धरला.

श्लीरेन जुळवले. नॉझलच्या घशापलीकडे, कोपऱ्याच्या बऱ्याच आधी, फुलीच्या आकारात एकमेकींना छेदणाऱ्या फिकट रेषा दिसल्या. अशा रेषा नव्या नाहीत. १९३५ साली रोममध्ये भरलेल्या व्होल्टा परिषदेत प्रांट्ल यांनी स्वनातीत नॉझलचे असेच छायाचित्र दाखवले होते, आणि त्यामागे हवेतली आर्द्रता असल्याची चर्चा तिथेच झाली होती.

नॉझलमध्ये हवा एका क्षणात शंभरावर अंशांनी थंड होते. तिच्यातली वाफ काही काळ अतिसंपृक्त राहते आणि मग एकाएकी सूक्ष्म थेंबांत किंवा हिमकणांत बदलते. वाफ गोठताना दर किलोला सुमारे २८०० किलोजूल उष्णता सोडते आणि ती थेट प्रवाहात जाते. स्वनातीत प्रवाहाला उष्णता दिली की त्याचा माख अंक घटतो आणि दाब चढतो.

किती वाफ पुरते? एक किलो हवेत अडीच ग्रॅम धरा. उष्णता ७ किलोजूल, एकूण तापमान ७ केल्विनने वर. ही सगळी माख २ पाशीच सुटली असे मानले तर माख अंक १.९ वर येतो, दाब ८ टक्के चढतो आणि स्थैतिक तापमान १० ते ११ केल्विनने वाढते. दाबातली नेमकी तीच ८ टक्के वाढ छिद्रांवर दिसत होती. आणि माख १.९ पासून २० अंश वळवले तर दाबाचे गुणोत्तर ०.२८८ येते, म्हणजे मोजलेले ०.२९.

थोडे थांबावे असे वळण हे आहे. दाबाच्या गुणोत्तरावरून काढलेले ११७ केल्विन दिसायला उत्तम होते, पण ते चुकीच्या १६७ वर उभे होते. खरी हवा कोपऱ्यापाशी १७७ च्या आसपास येत होती आणि पंख्यामागे सुमारे १२५ वर उतरत होती. सिद्धान्ताच्या आकड्यापासून २ केल्विन नव्हे, १० केल्विन दूर. पंख्याने आपले काम चोख केले होते. त्याला मिळालेली हवाच वेगळी होती. गुणोत्तर बरोबर आले म्हणून फाइल बंद केली असती तर कोडची पडताळणी एका खोट्या आकड्यावर झाली असती.

काय केले

दवबिंदू, म्हणजे हवेतला ओलावा, दाखवणारे मीटर ड्रायरच्या (हवा कोरडी करणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी होते आणि ते समाधानकारक आकडा दाखवत होते. टाकीत मात्र ड्रायरमधले ओलावा शोषणारे सिलिका जेल भिजून निकामी झालेल्या काळातली हवा आणि तळाशी साचलेले पाणी होते. ८ बार दाबाला २७ अंश सेल्सिअसवर संपृक्त हवेत दर किलोमागे पावणेतीन ग्रॅम वाफ मावते, म्हणजे अडीच ग्रॅमचा अंदाज हवेत मारलेला नव्हता. टाकीचे पाणी काढले, सिलिका जेल भाजून कोरडे केले, आणि मीटर टाकी व झडप यांच्या मधल्या नळीवर हलवले. वातावरणाच्या दाबाला उणे ४० अंश सेल्सिअस दवबिंदू दिसल्याशिवाय झडप उघडायची नाही असा नियम केला. त्या दवबिंदूला किलोमागे ०.०८ ग्रॅमच पाणी उरते.

दुसरी दुरुस्ती शांत कक्षात एक थर्मोकपल घालण्याची. तोवर सगळे हिशेब खोलीच्या ३०० केल्विनवर चालले होते. पण रिकामी होत जाणारी टाकी स्वतःच प्रसरण पावत असते. ८ बारवरून साडेसहापर्यंत उतरताना, भिंतींकडून काहीच उष्णता मिळाली नाही तर टाकीतली हवा १७ केल्विनने थंड होईल. प्रत्यक्षात भिंती थोडी भरपाई करतात. मोजलेली घट १० च्या आसपास निघाली. म्हणजे पुढची-मागची दोन्ही थर्मोकपल जी खाली सरकत होती त्यात बराच वाटा टाकीचा होता, पंख्याचा नव्हता.

स्टीलच्या पृष्ठभागात कमी उष्णता वाहणाऱ्या प्लास्टिकची पट्टी बसवून पातळ थर्मोकपल तिच्यावर घेतली. पहिल्या धावेने भिंत गार करून लगेच दुसरी धाव घ्यायची, म्हणजे भिंत अंतिम तापमानाच्या जवळून सुरुवात करते.

निष्पत्ती

कोरड्या हवेत नॉझलमधली फुली नाहीशी झाली. दाबाचे गुणोत्तर ०.२७५ च्या एक-दोन टक्क्यांत आले आणि कोपऱ्याआधीचा दाबही जागेवर आला. श्लीरेनमध्ये पंख्याची शेवटची रेषा मागच्या भिंतीशी २१ अंशांच्या किंचित खाली मिळाली, माख २.८३ ला २०.७ हवी, ओल्या हवेतल्या माख २.७ ला ती २१.७ झाली असती. आरशांच्या जुळणीत अर्धा अंश हलतो, त्यामुळे एकटा कोन मी पुरावा मानला नसता. दाबाच्या जोडीने तो चालतो. स्थैतिक तापमान त्या त्या क्षणाच्या मोजलेल्या एकूण तापमानावरून काढले, आणि कोडशी ते जुळले.

भिंतीवरचा फरक ३ वरून सुमारे ५ केल्विनवर आला. २९० केल्विन एकूण तापमानाला हिशेब साडेपाच सांगतो.

वेगळे काय करता आले असते

शांत कक्षातले थर्मोकपल पहिल्या दिवशी हवे होते. एकूण तापमान माहीत नसताना बाकी कोणत्याही तापमानाबद्दल बोलता येत नाही, आणि हे साधन इथे सर्वांत स्वस्त होते. श्लीरेन आधी जुळवले असते तर प्रवाह सुटल्याची शंका आणि आर्द्रता या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात कळल्या असत्या.

नव्या मॉडेलच्या निर्णयाबद्दल मी थोडा वेगळा विचार करतो. तो घाईचा होता, पण गटाने विसंगती लपवली नाही, तिचे कारण शोधायला खर्च करायची तयारी दाखवली. माझी तक्रार इतकीच की, प्रवाह सुटला असेल तर दाब काय दिसेल, हे विचारायला कोणी थांबले नाही. त्या एका प्रश्नाने यंत्रशाळेचा रस्ता पहिल्याच बैठकीत बंद झाला असता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कोपऱ्याच्या लगेच मागचे थर्मोकपल बाकीच्यांपेक्षा ३ ते ४ केल्विन थंड राहते आणि पुढे ही दरी भरून येते. स्थैतिक तापमान तर तिथे भिंतीच्या बाजूने सारखेच आहे. रोद्दम नरसिंह आणि पी. आर. विश्वनाथ या भारतीय संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवले होते की स्वनातीत प्रसरण कोपऱ्यावर दाबाची घट सीमास्तराच्या भिंतीवरील कर्तन ताणाच्या (हवेच्या घर्षणाच्या ओढीच्या) मानाने पुरेशी मोठी असेल, तर प्रक्षुब्ध सीमास्तर पुन्हा स्तरीय होण्याकडे झुकतो. तसे झाले तर रिकव्हरी गुणक ०.८९ वरून ०.८४ कडे सरकतो, आणि एवढ्या बदलाने भिंत ८ ते ९ केल्विनने थंड होऊ शकते, म्हणजे ५१ केल्विनच्या प्रसरणाने होते त्याहून जास्त. ३-४ केल्विनची ही दरी त्या मर्यादेच्या आत बसते. विद्यार्थिनीच्या कोडचे प्रक्षोभ-मॉडेल सीमास्तर सगळीकडे प्रक्षुब्धच धरते, त्यामुळे तिच्या आलेखात ही दरी उमटत नाही. पुढच्या फेरीत कोपऱ्याच्या मागे काही मिलिमीटर अंतराने थर्मोकपलची ओळ बसवायचे ठरले आहे.